दशकाचा गठ्ठा मुलाच्या हाती द्या

समजा, लासलगावच्या लिलावात एका ट्रॉलीतल्या कांद्याला क्विंटलमागे ९८५ रुपये भाव निघाला आणि शेजारच्या ट्रॉलीला १०१०. हे दोन आकडे फळ्यावर लिहा आणि दुसरी-तिसरीच्या मुलांना विचारा, जास्त भाव कोणाला मिळाला? काही मुले बेधडक ९८५ कडे बोट दाखवतात. का, म्हणून विचारले तर कारणही तयार असते. नऊ मोठा, एक लहान. ज्या घरांचे वर्षाचे गणित कांद्याच्या भावावर चालते, अशा निफाड-चांदवडकडच्या घरांतली मुलेही याला अपवाद नसतात.

त्या मुलाला मठ्ठ म्हणू नका. त्याने विचार केला आहे आणि त्याच्यापाशी जेवढे आहे तेवढ्यातून तो नीट केला आहे. त्याला अंक दिसतात, पण संख्या दिसत नाही. १०१० मधला पहिला एक म्हणजे एक हजार, हे त्याला कोणी कधी हातात देऊन दाखवलेले नाही. उलट आपण त्याला परीक्षेत विचारतो, ‘५३४ मधील ३ ची स्थानिक किंमत लिहा.’ मूल ३० असे उत्तर लिहिते, गुण मिळवते आणि खालच्याच प्रश्नात ५३४ आणि ५४३ यांतली मोठी संख्या ओळखताना अडखळते. वरच्या प्रश्नाचा आणि खालच्या प्रश्नाचा काही संबंध आहे, हे त्याला माहीतच नसते. अनेकदा शिकवणाऱ्यांनीही तो सांगितलेला नसतो.

लहान मुलांनी संख्यांचा लहान-मोठेपणा ओळखणे, त्या चढत्या-उतरत्या क्रमाने लावणे, हा प्राथमिक गणितातला एक किरकोळ घटक समजला जातो. दोन-तीन तासिकांत उरकतो. मला तो किरकोळ वाटत नाही. मुलाचा पुढे कागदाशी, पैशाशी आणि सत्तेशी जो व्यवहार होणार आहे, त्याचा पाया इथे पडतो. १,०५,००० आणि १,५०,००० या दोन आकड्यांत तेच अंक आहेत, फक्त शून्याची जागा बदलली आहे. कर्जाच्या कागदावर अंगठा उठवणाऱ्या किंवा अडखळत सही करणाऱ्या बाईला हा फरक एका नजरेत दिसतो की नाही, यावर तिच्या घराची पुढची काही वर्षे ठरतात. तिला तो दिसत नसेल, तर दोष तिच्या बुद्धीचा नाही. ती सात वर्षांची असताना तिच्या हातात काय दिले गेले, तिथे तो शोधावा लागतो.

स्थानिक किंमत ही किती मोठी मिळकत आहे, हे समजायला नाशिककरांना लांब जावे लागत नाही. मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या त्रिरश्मी डोंगरावर पांडवलेणी आहेत. शाळांच्या सहली तिथे जातात, मुले पायऱ्या मोजत चढतात, फोटो काढतात आणि उतरतात. तिथल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे ब्राह्मी लिपीतले लेख आहेत, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातले. त्यांत दानाचा चोख हिशेब कोरलेला आहे. गोवर्धन इथल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, २००० कार्षापण नाणी ठेव म्हणून ठेवली, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसऱ्या श्रेणीकडे १००० ठेवली, शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. आजही करून पाहता येते. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला २४०. वीस भिक्षू, बारा-बारा कार्षापण, तेही २४०. हिशेब जुळतो. शिवाय हे दान निगमसभेत जाहीर करून नोंदवले असेही लेखात म्हटले आहे. पैशाचा व्यवहार चारचौघांत वाचून दाखवायचा आणि दगडावर कोरून ठेवायचा, ही या भूमीतली जुनी आणि चांगली रीत आहे.

पण ते आकडे लिहिले कसे आहेत, ते बघा. तिथे शून्य नाही. एकक, दशक, शतक अशी घरेही नाहीत. दहाला एक चिन्ह, सत्तरला दुसरे, शंभराला तिसरे, हजाराला चौथे. दोन हजार लिहायचे तर हजाराच्या चिन्हाला रेघ जोडायची. सत्तर हजार लिहायचे तर हजाराच्या चिन्हाला सत्तरचे चिन्ह जोडायचे. म्हणजे ७०,००० ही संख्या तिथे एकाच जोडचिन्हात मावते. अशा लेखनात आकड्याच्या लांबीवरून, जागेवरून काहीही उमगत नाही. कोणती संख्या मोठी हे सांगायला सगळी चिन्हे आधी पाठ असावी लागतात, आणि ती ज्याला पाठ असतात त्या लेखनिकाच्या तोंडाकडे बाकीच्यांनी बघायचे असते. विणकरांच्या पैशाचा हिशेब दगडावर उघडा होता, पण वाचायला तो लेखनिकाचाच होता.

पुढच्या काही शतकांत या देशात जे घडले त्याने ही मक्तेदारी मुळापासून हलली. प्रत्येक घर त्याच्या उजवीकडच्या घराच्या दहापट, हा नियम आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास सांगून ठेवला आहे. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरात ८७६ सालचा लेख आहे, त्यात २७० आणि ५० हे आकडे शून्यासह, आजच्या पद्धतीने, कोरलेले दिसतात. तिथून अरबांकडे आणि मग युरोपात ही रीत गेली, हे आपण अभिमानाने सांगतो. अभिमानाची खरी जागा मात्र वेगळी आहे. दहा चिन्हे आणि एक नियम, एवढे ज्याला कळले तो जगातल्या कोणत्याही दोन संख्यांपैकी मोठी कोणती हे कोणालाही न विचारता सांगू शकतो. राजाच्या खजिन्यातला आकडा आणि मजुराच्या मजुरीतला आकडा एकाच नियमाने वाचता येतात. ज्ञानाची इतकी समान वाटणी दुसऱ्या फार थोड्या शोधांनी केली असेल.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, तेव्हा प्राथमिक शाळेत काय शिकवावे हेही त्यांनी मांडले होते. मोडी आणि बालबोध वाचन-लेखनाबरोबर त्यात हिशेब होता. पुढच्याच वर्षी लिहून झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये निरक्षर शेतकरी कागदापुढे कसा नागवला जातो याचे वर्णन आहे. जोतीरावांना हिशेब हवा होता तो शेतकऱ्याच्या मुलाने कागदावरचा आकडा स्वतः तपासावा म्हणून. आज शाळा गावोगाव आहेत, पट भरलेला आहे, पुस्तके फुकट मिळतात. तरीही संख्या ही वरून सांगितलेली, पाठ करण्याची गोष्ट राहत असेल, तर लेखनिक पुन्हा वर्गात येऊन बसला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

पाठांतराला सरसकट नावे ठेवणे मला बरोबर वाटत नाही. पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, दीडकी, औटकी घोकून घेत, त्याला कारण होते. तेव्हा रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, मणाचे चाळीस शेर आणि शेराच्या सोळा छटाक असत. कुठेही दहाचा मेळ नाही, म्हणून तोंडी कोष्टके पाठ असलेलाच बाजारात टिके. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजने-मापे आली, आणि सगळा व्यवहार दहाच्या पटीत आला. रुपया-पैसे, मीटर-सेंटीमीटर, किलो-ग्रॅम, सगळीकडे स्थानिक किंमतच. बाजार बदलला, वर्गातला सूर मात्र तोच राहिला. नर्सरीतल्या साडेतीन वर्षांच्या मुलाकडून एक ते शंभर म्हणून घेतले जाते, वहीच्या पानांवर ते लिहून घेतले जाते, आणि पालक पाहुण्यांसमोर ते म्हणवून दाखवतात. त्या मुलाला सतरा आणि एकाहत्तर यांत मोठे कोण, असे विचारायचे कोणाच्या मनातही येत नाही.

आणि मग चिन्हांचा धडा येतो. लहान-मोठेपणाचे चिन्ह म्हणजे मगरीचे तोंड, मगर भुकेलेली, ती मोठ्या संख्येकडे तोंड उघडते. मुले हसतात, मगरीला दात काढतात, चिन्ह लक्षात राहते. पण मगरीला मोठी संख्या कोणती हे आधी ठाऊक असावे लागते, आणि नेमके तेच शिकवायचे राहून गेलेले असते. चिन्ह ही निष्कर्ष लिहिण्याची खूण आहे, तो काढायची रीत तिच्यात नाही. तोंड कुठे उघडावे हे न कळलेले मूल अंदाजाने मगर काढते, निम्म्या वेळा ती बरोबर निघते, आणि त्याला येते असे आपण समजतो.

यात मराठी बोलणाऱ्या मुलाची आणखी एक अडचण आहे, आणि ती खरोखरीची आहे. आपण लिहितो दशक आधी, बोलतो एकक आधी. त्रेसष्ट ऐकताना ‘तीन’ आधी कानावर पडतो, ‘साठ’ नंतर. मूल ऐकते त्या क्रमाने लिहिते आणि ३६ होतात. एकोणऐंशी ऐकले की ‘ऐंशी’ कानात राहते, मूल ८ लिहून मोकळे होते, पुढे ९ जोडते आणि ७९ चे ८९ होतात. लहान-मोठेपणा ठरवायचा तो डावीकडच्या घरापासून, आणि तोंडी नाव सांगते उजवीकडचे घर आधी. वीस ते नव्व्याण्णव या टप्प्यात जवळजवळ प्रत्येक नाव वेगळे लक्षात ठेवावे लागते, तेही जोडाक्षरांनी भरलेले. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवरच्या ज्या मुलांना पुस्तकी मराठी हीच शाळेत येऊन शिकायची आहे, त्यांच्यावर हा दुहेरी भार पडतो.

बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली ‘वीस एक’, ‘साठ तीन’ असे वाचन दिले गेले ते याच कारणाने. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. संख्या सिद्धांताच्या (नंबर थिअरी) अभ्यासक आणि मराठीत मुलांसाठी, पालकांसाठी गणित सोपे करून लिहिणाऱ्या. पुस्तकात एकवीस, त्रेसष्ट ही नावे काढून टाकलेली नव्हती, दोन्ही रीती शेजारी-शेजारी होत्या. तरी राज्यभर गदारोळ झाला. भाषा बुडाली अशी ओरड झाली, विधानसभेत आडनावांवरून विनोद झाले. ज्यांना त्रेसष्ट लिहिता येते त्यांनी, ज्याला ते लिहिता येत नाही त्या सहा-सात वर्षांच्या मुलाला मिळालेल्या आधारावर हसून घेतले. नारळीकरबाई २०२३ साली गेल्या. त्यांच्या म्हणण्यातला शब्द न् शब्द मान्य करावा असा माझा आग्रह नाही, पण तो प्रश्न मुलाच्या बाजूने विचारला गेला होता आणि त्याचे उत्तर आपण मुलाच्या बाजूने दिले नाही, हे मला अजून बोचते.

नॉर्वेने १९५१ साली हेच पाऊल शासनाच्या निर्णयाने टाकले. तिथेही ‘पाच-आणि-वीस’ असे उलटे बोलत. शाळा, सरकारी कामकाज आणि टेलिफोन यांसाठी ‘वीस-पाच’ ही सरळ रीत आणली. जुनी रीत लोकांच्या तोंडून पुसली गेली नाही, ती अजून ऐकू येते, आणि भाषाही जिवंत आहे. तामिळ, तेलुगू, कन्नड या शेजारच्या भाषांत तर एकवीसच्या पुढे दशक आधी बोलण्याचीच रीत आहे. आपल्या मुलांनी अठ्ठावीस, त्रेसष्ट, एकोणऐंशी ही नावे शिकलीच पाहिजेत, आजीच्या गोष्टीतून आणि बाजारातून ती कानावर पडलीच पाहिजेत. पण पहिली दोन वर्षे ‘साठ तीन, म्हणजे त्रेसष्ट’ असे एका दमात म्हणायची मुभा वर्गात असेल तर त्यात कोणाचे काय जाते?

आणि दशक आधी हा विचार आपल्या लोकांना परका आहे असेही नाही. खेड्यातली म्हातारी माणसे विसांनी मोजत आली आहेत. तीन विसा पाच म्हणजे पासष्ट, दोन विसा अठरा म्हणजे अठ्ठावन्न. यांत जास्त कोणते, हे शाळेची पायरी न चढलेल्या आजीला विचारा. ती अठराकडे पाहणारही नाही. तीन विसा, दोन विसा, एवढे ऐकून तिचे उत्तर येते. सुटे कितीही असले तरी एक वीस भरत नाहीत, भरले असते तर त्यांचा गठ्ठा झाला असता, हे ती जाणते. नाशिकच्या बाजारात कोथिंबीर, मेथी जुड्यांनी येते आणि लिलाव शेकड्यावर होतो. जुडी बांधणारे हात आणि शेकडा मोजणारी जीभ घरात आहे. तेच मूल शाळेत आले की आपण त्याला सुटे अंक घोकायला लावतो.

शिकवायचे कसे, हे त्या आजीच्याच रीतीत आहे. मुलांच्या हातात काड्या द्याव्यात, आइस्क्रीमच्या, तुरीच्या, कसल्याही. दहा झाल्या की गठ्ठा बांधायचा, आणि तो मुलानेच बांधायचा. बाईंनी आदल्या दिवशी बांधून आणलेल्या गठ्ठ्याचा उपयोग फार थोडा. दहा सुट्यांचा एक होतो, हा बदल मुलाच्या बोटांखाली व्हायला हवा. मग एका मुलीपुढे ३४, दुसरीपुढे ४३ काड्या मांडायच्या आणि वर्गाला विचारायचे, जास्त कोणाकडे? मोजायचे नाही, बघून सांगा. वर्ग क्षणभर गोंधळतो, मग कोणीतरी म्हणते, ‘हिच्याकडे चार गठ्ठे आहेत.’ त्या मुलाला तिथेच थांबवून पुढचा प्रश्न विचारावा. ‘पण तिच्याकडे सुट्या चार आहेत, हिच्याकडे तीनच. मग?’ खरा धडा इथे सुरू होतो. मुले वाद घालतात. कोणीतरी सांगते, सुट्या नऊ असल्या तरी एका गठ्ठ्याएवढ्या होत नाहीत. हे वाक्य मुलाच्या तोंडून यावे म्हणून शिक्षकाने आठवडाभर थांबावे लागले तरी थांबावे.

कारण संपूर्ण लहान-मोठेपणाचे मर्म त्या वाक्यात आहे. एककाच्या घरात जास्तीत जास्त नऊ, ते एका दशकाला पुरत नाहीत. दशक आणि एकक दोन्ही घरे काठोकाठ भरली तरी ९९, ते एका शतकाला पुरत नाहीत. म्हणून तुलना डावीकडून सुरू करायची. मोठे घर सारखे निघाले तरच पुढच्या घराकडे जायचे. बेरीज आपण उजवीकडून शिकवतो, तुलना डावीकडून, आणि का ते सांगत नाही. मूल दोन्हींची गल्लत करते आणि निष्काळजी ठरते.

शून्यावर अधिक वेळ द्यावा. ‘चारशे सात’ ऐकून ४००७ लिहिणारे मूल ऐकले तेच लिहिते, चारशेचे ४०० आणि पुढे ७. त्याला पुठ्ठ्याच्या पट्ट्या द्याव्यात, एकीवर ४००, दुसरीवर ७. लहान पट्टी मोठीच्या उजव्या टोकावर ठेवली की शेवटचे शून्य झाकले जाते आणि ४०७ दिसते. झाकलेले शून्य उचलून पाहायला मुलांना फार आवडते. मग ४७, ४०७, ४७० या तिघांना क्रमाने लावा म्हणावे. इथे खेळातल्या शंभराच्या, दहाच्या आणि एकाच्या नोटाही कामी येतात. दशकाच्या घरात शून्य म्हणजे दहाची एकही नोट नाही, पण ते घर मोडलेले नाही, हे नोटा मांडल्या की आपोआप कळते.

‘ज्या संख्येत अंक जास्त ती मोठी’ हा सोपा नियम सांगून टाकायचा मोह आवरावा. पूर्ण संख्यांना तो चालतो, म्हणून मुले तो घट्ट धरतात. पाचवीत दशांश अपूर्णांक आले की हीच मुले ३.५ पेक्षा ३.४५ मोठे म्हणतात, कारण पंचेचाळीस पाचापेक्षा मोठे. ज्याने घराचे महत्त्व गठ्ठ्यांतून ओळखले आहे ते मूल दशांश चिन्हाच्या उजवीकडेही पहिले घर आधी पाहते. नियम पाठ केलेले मूल तराजूच्या काट्यापुढे फसते.

मूल कुठे आहे हे ओळखायला मोठी चाचणी लागत नाही. अमेरिकेतल्या संशोधक कॉन्स्टन्स कामी यांनी वापरलेली एक साधी रीत आहे. मुलापुढे सोळा वस्तू मोजून ठेवायच्या, कागदावर १६ लिहायचे. ६ भोवती गोल करून विचारायचे, हा एवढा भाग यांतला कोणता? मूल सहा वस्तू दाखवते. मग १ भोवती गोल करून तेच विचारायचे. कितीतरी मुले एकच वस्तू उचलून दाखवतात, आणि उरलेल्या नऊ तशाच पडून राहतात. शंभरापर्यंत बिनचूक म्हणणारी मुलेही यात असतात. प्रत्येक आई-बापाने ही चाचणी घरी करून पाहावी, पण उत्तर चुकले म्हणून मुलावर ओरडू नये. चूक कळली की काड्या आणाव्यात.

ही सगळी बालवाडीची कामे वाटतात, मोठ्या गणिताशी त्यांचा काय संबंध, असे कोणी म्हणेल तर त्याने देवळालीकडे पाहावे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, १९०५ साली डहाणूला जन्मलेले, १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. बी.एस्सी.च्या पुढची पदवी नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. चौथीच्या पुस्तकात एक उदाहरण नेहमी असते, दिलेल्या अंकांपासून मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या तयार करा. कापरेकरांनी या दोन संख्यांची वजाबाकी केली, उत्तरातल्या अंकांवर पुन्हा तेच केले, आणि करत राहिले. ३५२४ घ्या. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येते. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत याच संख्येवर येऊन थांबते. तीन अंकांत ४९५ वर. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिले तेव्हा देवळालीचे मास्तर जगभर पोचले. इथल्या गणितातल्या बड्या मंडळींनी त्यांच्या कामाकडे बराच काळ खेळ म्हणूनच पाहिले होते.

दुसरी-तिसरीच्या मुलांना हा खेळ दोन अंकांत द्यावा. ६३ वजा ३६, सत्तावीस. ७२ वजा २७, पंचेचाळीस. ५४ वजा ४५, नऊ. आता नऊला दोन घरांत ०९ लिहायचे, आणि ९० वजा ०९, एक्याऐंशी. ८१ वजा १८, पुन्हा त्रेसष्ट. चक्र पूर्ण होते. ज्या ६३ आणि ३६ यांत मूल इतके दिवस गोंधळत होते, त्यांच्याच पोटातून ही वाट निघते, आणि वाटेत प्रत्येक पायरीला मोठी कोणती, लहान कोणती हे ठरवावे लागते. कापरेकर नाशिकचे म्हणून चौकाला नाव द्या, पुतळा उभारा, पण जिल्ह्यातल्या प्रत्येक प्राथमिक शाळेत हा खेळ खेळला गेला तर त्यांना जास्त आवडले असते असे मला वाटते.

शिक्षक म्हणतील, अभ्यासक्रम कधी पुरा करायचा? त्यांची अडचण खोटी नाही. दोन वर्ग एका खोलीत, ऑनलाइन माहिती भरणे, निवडणुकीची कामे, हे सगळे त्यांच्या डोक्यावर आहे. पण २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाची उद्दिष्टे वाचा. पहिलीला ९९, दुसरीला ९९९, तिसरीला ९९९९ पर्यंतच्या संख्यांचे वाचन-लेखन. पहिलीच्या मुलाला ९९ समजले, म्हणजे दशक-एकक खरोखर हातात आले, तर दुसरीला फक्त एक घर वाढते आणि तिसरीला आणखी एक. नियम तोच. सुरुवातीला गेलेला वेळ पुढे भरून निघतो. पहिलीत घाई केलेल्या वर्गाला मात्र चौथीत हातचा, पाचवीत दशांश, सहावीत पुन्हा सगळेच शिकवावे लागते, आणि तोवर मुलाने गणिताची भीती घेतलेली असते.

‘आम्हीही घोकूनच शिकलो, आमचे काय बिघडले?’ असे विचारणारे पुष्कळ भेटतात. हा प्रश्न विचारू शकतात ते घोकूनही तरलेले लोक आहेत. जे तरले नाहीत ते पाचवी-सातवीत शाळा सोडून द्राक्षबागेत, वीटभट्टीवर, ऊसतोडीला गेले. त्यांची साक्ष कोणी घेत नाही.

जूनमध्ये शाळा उघडतील. काड्या, रबर बँड आणि पुठ्ठ्याच्या पट्ट्या यांना फारसा खर्च नाही, शाळेच्या सादिल निधीतून किंवा गावच्या दुकानदाराकडून एका फेरीत त्या मिळतात. शाळा व्यवस्थापन समितीच्या पहिल्या बैठकीत पालकांनी त्या मागाव्यात, आणि दिवाळीच्या सुटीपर्यंत पहिलीच्या मुलांच्या हातून लहान-मोठेपणाच्या चिन्हांची एकही कार्यपत्रिका सोडवून घेऊ नये, असे तिथेच ठरवावे. सहामाहीच्या प्रगतिपत्रकात ‘१०० पर्यंत म्हणतो’ या ओळीच्या जागी ‘१६ मधला १ दाखवतो’ ही ओळ यावी. बाई ती भरू शकल्या नाहीत, तर दिवाळीनंतर पुन्हा गठ्ठ्यांपासून सुरुवात करायला त्यांना वेळ द्यावा, आणि केंद्रप्रमुखांनी त्यासाठी त्यांना जाब विचारू नये.